विज्ञानवार्तेचा कर्जरोखा : मराठी संपादकांना कृष्णपुऱ्याहून खुले पत्र

प्रति,
समस्त मराठी वृत्तपत्रे आणि वृत्तवाहिन्या यांचे मान्यवर संपादक

विषय : विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्यांत मुद्दल, दर, मुदत आणि जामीन नमूद करण्याबाबत.

महोदय/महोदया,

विज्ञानाची बातमी हा मूलतः एक कर्जव्यवहार असतो, ही गोष्ट वृत्तपत्रविद्येच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नसली तरी रोज सकाळी ती नव्याने सिद्ध होत असते. प्रयोगशाळेत नेमके काय घडले हे वाचकाला स्वतः जाऊन पाहता येत नाही. म्हणून तो आपला विश्वास बातमीला उसना देतो आणि ज्ञानाच्या रूपाने तो सव्याज परत येईल अशी आशा बाळगतो. मात्र मुद्दल किती, व्याजाचा दर काय, मुदत केव्हाची आणि जामीन कोण, या ज्या चार तपशिलांवाचून गावचा सावकारही तिजोरीला हात लावत नाही, त्यांतला एकही तपशील न देता पुष्कळशी विज्ञानवार्ता हे कर्ज उचलत असते. आणि वाचकही ते इतक्या सढळ हाताने देतो, की त्याच्या बुडीत खात्यापुढे एखाद्या सहकारी बँकेचे बुडीत खातेही किरकोळ ठरावे.

हे पत्र इंदूरच्या कृष्णपुऱ्यातून लिहिले जात आहे, याचे महत्त्व केवळ पत्त्यापुरते नाही. राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, कान्ह नदीच्या काठी, होळकर घराण्याच्या छत्र्या उभ्या आहेत. छत्री म्हणजे येथे राजपुरुषाच्या वा राजस्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेली दगडी वास्तू अभिप्रेत असून पावसात उघडायच्या वस्तूशी तिचा काही संबंध नाही, याची नोंद विशेषतः भाषांतरयंत्रांनी घ्यावी. महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची ही स्मारके असून त्यांच्या भिंतींवर शिपाई, दरबारी आणि वादक कोरलेले आहेत. यांपैकी दुसऱ्या तुकोजीरावांनी (कारकीर्द १८४४ ते १८८६) खंडवा-इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला कर्ज दिले, आणि त्या व्यवहाराचे कलम दीडशे वर्षांनंतरही एका दमात सांगता येते : मुद्दल एक कोटी रुपये, व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे, आणि ऋणको प्रत्यक्ष सरकार. वाफेचे इंजिन हे त्या काळचे सर्वांत दिपवून टाकणारे तंत्रज्ञान होते, तरीही महाराज दिपून गेले नाहीत. त्यांनी चमत्काराकडे पाहिले आणि लगोलग दर विचारला. रुळांच्या चाचणीसाठी आणलेले पहिले इंजिन हत्तींकडून ओढवून शहरात आणावे लागले, असे नोंदले गेले आहे. आजची मथळ्यांची रीत त्या काळी असती, तर ‘इंजिनामुळे हत्तींच्या नोकऱ्या धोक्यात’ अशी ठळक बातमी त्याच दिवशी झळकली असती, आणि नव्या यंत्राने आल्या आल्या पहिले काम हत्तींनाच दिले, हा तपशील आतल्या पानावर जागेअभावी कापला गेला असता.

पहिला तपशील मुद्दलाचा. ‘अमुक पदार्थ खाल्ल्याने तमुक रोगाचा धोका दुप्पट’ या साच्याच्या बातमीत दुप्पट हा शब्द मोठ्या टायपात असतो आणि कशाच्या दुप्पट, हे बहुधा कुठेच नसते. संख्याशास्त्रात याला सापेक्ष धोका म्हणतात, म्हणजे एका गटातील धोक्याची दुसऱ्या गटातील धोक्याशी केलेली तुलना. आणि प्रत्येक गटात प्रत्यक्षात किती माणसांपैकी किती आजारी पडली, हा झाला निरपेक्ष धोका. एखाद्या कल्पित रोगाचे उदाहरण घेतल्यास, दहा हजारांत एकाला होणारा रोग जिलबी खाणाऱ्या दहा हजारांत दोघांना झाला तरी धोका दुप्पटच होतो, आणि शंभरांत वीस जणांना होणारा रोग चाळीस जणांना झाला तरीही तो दुप्पटच होतो. पहिल्या प्रसंगी उरलेल्या ९,९९८ जणांनी ताटातली जिलबी परत करण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रसंगी मात्र कढईच विझवावी. दोन्ही प्रसंगांचा मथळा अक्षरशः एकच असल्यामुळे वाचकाने काय करावे हे मथळ्यावरून ठरत नाही, आणि तो दोन्ही वेळा तीच गोष्ट करतो : बातमी नातेवाइकांच्या समूहात पाठवतो आणि जिलबी संपवतो.

मुद्दल लपवण्याची दुसरी रीत म्हणजे उंदराला माणूस म्हणून उभे करणे. औषधांचे आरंभीचे प्रयोग उंदरांवर होतात, कारण त्यांचे आयुष्य अल्प असते, त्यांच्या पिढ्या भराभर वाढतात आणि त्यांच्या आहारविहारावर पूर्ण नियंत्रण ठेवता येते, जे विवाहित मनुष्याच्या बाबतीतही पूर्णपणे साधत नाही. परंतु उंदरांत गुणकारी ठरलेली कितीतरी औषधे पुढे माणसांवरील चाचण्यांत टिकत नाहीत. २०१९ साली जेम्स हेदर्स या संशोधकाने ट्विटरवर एक खाते उघडले. त्याचे कार्य एवढेच, की आरोग्याच्या गाजणाऱ्या बातम्यांना ‘उंदरांमध्ये’ एवढी पुस्ती जोडायची. एका शब्दाने सबंध बातमीचा फुगा खाली बसतो, यावरून तो शब्द वगळणाऱ्यांनी केवढे काम केले होते हे ध्यानात यावे. मराठीत डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण जुनी आहे. विज्ञानवार्तेने तिला उलटे करून उंदीर पोखरून डोंगर काढण्याची कला विकसित केली आहे, हे तिचे स्वतंत्र योगदान मान्य करावेच लागेल.

दुसरा तपशील दराचा, म्हणजे शक्यतेचा. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील अ‍ॅटलास दुर्बिणीला ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह दिसला, आणि तो २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर एक टक्क्याच्या वर गेली. संभाव्य आघाताचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण आशियापर्यंत पसरला होता आणि त्यात मुंबईही येत होती, ही माहिती मराठी मथळ्यांना पर्वणीच ठरली. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी शक्यता ३.१ टक्क्यांवर पोहोचली, जी अशा आकाराच्या लघुग्रहासाठी नासाने तोवर नोंदवलेली सर्वाधिक शक्यता होती. आणि त्यानंतर आठवडाभरातच ती ०.००४ टक्क्यांपर्यंत घसरली. शक्यता चढली तेव्हा ‘धोका वाढला’ असे सांगितले गेले आणि उतरली तेव्हा ‘धोका टळला’ असे. जणू लघुग्रहाने मध्येच विचार बदलला, किंवा मुंबईतील घरांच्या किमती ऐकून तो परतला. वस्तुतः त्याची कक्षा या सर्व काळात रेसभरही बदलली नव्हती.

ही गोष्ट गणितावाचूनही समजावता येते. समजा, हिवाळ्यातील एका रात्री राजवाड्याच्या चौकात एक जावई उभा दिसतो, आणि तो कृष्णपुऱ्यातील सासुरवाडीला येणार की नाही एवढाच प्रश्न आहे. आरंभी त्याच्यापुढे दहा वाटा मोकळ्या असल्यामुळे शक्यता दहांत एक एवढी असते. तो यशवंत रोडला लागला नाही, खजुरी बाजाराकडेही गेला नाही, अशा एकेका वार्तेबरोबर उरलेल्या वाटा कमी होत जातात आणि सासुरवाडीचा वाटा फुगत जातो. पाचांत एक, तिघांत एक, आणि सासूबाई कणीक मळायला घेतात. तेवढ्यात गराडूच्या कढईचा वास येतो, जावई सराफ्याच्या खाऊगल्लीत शिरतो, आणि शक्यता एका क्षणात शून्यावर येते. या सर्व काळात जावयाचा बेत मुळीच बदललेला नव्हता, तो घरून सराफ्यासाठीच निघाला होता. सुधारले ते पाहणाऱ्यांचे ज्ञान. लघुग्रहाच्या बाबतीत नेमके हेच होते : निरीक्षणे वाढतात तसा अनिश्चिततेचा पट्टा अरुंद होतो, पृथ्वी जोवर त्या पट्ट्यात आहे तोवर तिच्या वाट्याची टक्केवारी वाढते, आणि पृथ्वी पट्ट्याबाहेर पडताच ती कोसळते. ३.१ टक्के म्हणजे न आदळण्याची ९६.९ टक्के शक्यता, हे वाक्य कोणत्याही संपादकाला विनाशुल्क छापता आले असते. पण ज्या मथळ्यात जग बुडत नाही, तो मथळा कशाला, अशी या व्यवसायाची अडचण असावी.

तिसरा तपशील मुदतीचा. ‘येत्या पाच वर्षांत कर्करोगावर रामबाण उपाय’ किंवा ‘येत्या पाच वर्षांत उडत्या मोटारी’ यांतील पाच वर्षे क्षितिजासारखी असतात. वाचक जितका पुढे सरकतो तितकी तीही सरकतात. बातमीच्या जन्माची नोंद होते, बारसेही थाटात होते, पण ते मूल पुढे शाळेत गेले का, याची विचारपूस सहसा होत नाही. काही वर्षांपूर्वी इंदूरच्या बर्फानी धाम चौकात वाहतूक सांभाळण्यासाठी यंत्रमानव उभा राहिल्याची वार्ता देशभर झळकली. त्या यंत्रमानवाने पुढे किती इंदुरी दुचाकीस्वारांना रांगेत आणले, आणि किती दुचाकीस्वारांनी त्याला वळसा घालून विज्ञानाची मर्यादा दाखवून दिली, हे जाणून घेण्याची उत्सुकता पहिल्या बातमीहून कितीतरी अधिक होती.

मुदत पाळून बातमीचा पाठपुरावा केला तर काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण स्कायलॅबचे आहे. सुमारे ७७ टन वजनाची ही अमेरिकी अवकाशप्रयोगशाळा ११ जुलै १९७९ रोजी कोसळणार म्हणून भारतातही मोठी भीती पसरली होती. तिचे तुकडे प्रत्यक्षात हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तेथील एस्परन्स या गावाच्या स्थानिक प्रशासनाने सार्वजनिक जागी कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला, आणि तो अखेर २००९ साली अमेरिकेतील एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे गोळा करून भरला. स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले येणाऱ्या इंदुरास या दंडाच्या पावतीचे मोल वेगळे सांगायला नको. आकाशातून पडलेल्या कचऱ्याचे ओला आणि सुका असे वर्गीकरण न केल्याबद्दल आणखी दंड का झाला नाही, एवढीच काय ती शंका येथे विचारली जाईल. परंतु मुद्दा असा, की ज्या वाचकाने १९७९ साली आकाशाकडे डोळे लावून श्वास रोखला, त्याला तीस वर्षांनी दंड भरल्याची वार्ता कळवणे ही त्या उसन्या विश्वासाची परतफेड होती.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित तपशील जामिनाचा. ‘शास्त्रज्ञांचा दावा’ या शब्दप्रयोगातील शास्त्रज्ञ हे एखाद्या अविभक्त कुटुंबाप्रमाणे एकत्र राहतात, एकत्र चक्रावतात आणि एकत्रच दावे करतात, अशी वाचकांची समजूत झाली असल्यास तो त्यांचा दोष नाही. त्या कुटुंबाचे कर्तेपण नासाकडे आहे. ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत विश्वकिरण पृथ्वीजवळून जाणार असल्याने मोबाइल शरीराजवळ ठेवू नये’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि त्याला नेहमीच नासाचा जामीन असतो. विश्वकिरण म्हणजे अंतराळातून येणारे अतिशय ऊर्जावान कण. ते वातावरणावर आदळून निर्माण होणारे म्युऑन हे दुय्यम कण समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक या प्रमाणात अहोरात्र जात असतात. त्यांना रात्रपाळी नसते, आणि उशाचा मोबाइल त्यांच्या वाटेत येतही नाही. तो उशाला ठेवू नये याचे खरे कारण असे, की असले संदेश त्याच्यावरच येतात.

जामीन न विचारता कर्ज दिल्याचे सर्वांत महाग उदाहरण मात्र २०१६ सालचे आहे. दोन हजार रुपयांच्या नव्या नोटेत सूक्ष्म जीपीएस चिप असून जमिनीखाली १२० मीटर खोल पुरलेली नोटही उपग्रहाला सापडेल, असे त्या नोव्हेंबरात दूरचित्रवाणीवरूनही गंभीरपणे सांगितले गेले. जीपीएसची कार्यपद्धती अशी, की सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह केवळ वेळेचे आणि आपापल्या कक्षेचे संदेश पाठवतात आणि ग्राहकयंत्र ते ऐकून स्वतःचे स्थान स्वतःच काढते. म्हणजे नोटेत असे यंत्र असलेच, तर आपण कुठे आहोत हे फार तर नोटेला कळले असते, रिझर्व्ह बँकेला नव्हे. बँकेला कळवायचे तर प्रक्षेपक हवा, त्याला वीज हवी, आणि मग नोट रात्री चार्जिंगला लावावी लागली असती. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने या नोटा चलनातून मागे घेत असल्याचे जाहीर केले आणि त्या जमा करण्यास नागरिकांना काही महिन्यांचा अवधी दिला. चिप खरी असती तर कोणत्या घरात तांदळाच्या डब्यात किती नोटा आहेत हे बँकेलाच ठाऊक असते, आणि तो डबा कोणापासून लपवला आहे हेही.

जामीन तपासणे अवघड नसते, हे याच भाषेच्या मुलखात सिद्ध झालेले आहे. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्यासह, २०० मुलांच्या जन्मकुंडल्या जमवल्या. त्यांतील शंभर मुले हुशार आणि शंभर मतिमंद होती. प्रत्येक सहभागी ज्योतिषाला ४० कुंडल्या देऊन कोणती कोणत्या गटातली हे ओळखण्यास सांगण्यात आले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून मिळाले असते त्याहून किंचित कमीच. ज्या पानावर या चाचणीचा निष्कर्ष छापला जातो, त्याच्या पाठपोट पानावर बारा राशींचे भविष्य कोणत्याही टक्केवारीवाचून ठामपणे छापले जाते, हा वृत्तपत्रीय समतोलाचा नमुना अभ्यासण्याजोगा आहे.

येथे असा आक्षेप संभवतो, की चारही तपशील दिल्यास बातमी नीरस होईल. अनुभव उलट आहे. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा ‘रहस्य’ आणि ‘चमत्कार’ यांचा मोठा पुरवठा झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून कारण सांगितले, ते रहस्याहून रंजक होते. पाणी घटून क्षारता वाढली आणि मिठातच सुखाने वाढणारे, अंगी गुलाबी रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव बळावले, म्हणजे उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या खड्ड्याने सूक्ष्मजीवांकरवी रंगपंचमी साजरी केली. इंदुरातही राजेंद्रनगरच्या पलीकडे, ज्या संस्थेला सारे शहर ‘कॅट’ म्हणते त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन यंत्र आहे. त्यात २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा दिलेले इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरतात, चुंबकांनी वळवले की क्ष-किरणांसह तीव्र प्रकाश सोडतात, आणि त्या प्रकाशात प्रथिनांच्या रेणूंची रचना पाहता येते. उडत्या तबकडीला जेवढी जागा मिळते तिच्या दशांश जागाही या कड्याला मिळत नाही, याचे कारण बहुधा एवढेच, की तबकडीविषयी लिहिण्यास कोणाला काही विचारावे लागत नाही.

संपादकांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. रात्री अकरानंतर वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर येतो, पान सुटायला वीस मिनिटे उरलेली असतात, मथळ्याला दोन ओळींची जागा असते, आणि ज्या उपसंपादकाने तासापूर्वी कांद्याचे भाव लावले तोच आता कृष्णविवर लावत असतो. अशा वेळी ‘उंदरांमध्ये’ हा शब्द गळाला तर तो द्वेषाने नव्हे, स्तंभाच्या रुंदीमुळे गळतो. वाचकही निर्दोष नाही. साडेचार टक्क्यांचा हिशेब ज्याला जमतो तो माणूस विश्वकिरणांचा संदेश मात्र न वाचता पुढे पाठवतो, आणि काल ज्याला ‘स्वयंचलित’ म्हणत त्याच पंख्यावर आज ‘एआय’ लिहिलेले पाहून जास्त पैसे देतो, जसे शेजारच्या दुकानाहून आपले दुकान ‘असली’ आहे एवढ्या पाटीवर मिठाई खपते.

म्हणून विनंती मर्यादित आहे. विज्ञानाच्या प्रत्येक बातमीखाली चार ओळींची एक चौकट असावी. मुंबईच्या लघुग्रहाच्या वेळी ती अशी भरता आली असती : मुद्दल, ४० ते ९० मीटर आकाराचा अंदाज असलेला एक खडक. दर, ३.१ टक्के, म्हणजे ९६.९ टक्के सुटका. मुदत, २२ डिसेंबर २०३२, मात्र निरीक्षणे वाढतील तसा अंदाज बदलेल. जामीन, नासा आणि युरोपीय अवकाश संस्था, दोन्ही खऱ्या आणि चौकशीअंतीच नमूद केलेल्या. चौकट भरता येत नसेल, तर बातमी एक दिवस थांबवावी. खडकाला घाई नव्हती.

तुकोजीरावांचा रोखा येथे पुन्हा आठवतो. मुदत १०१ वर्षांची होती. सावकार १८८६ साली निवर्तला, ऋणकोचे राज्य १९४७ साली गेले, सावकाराचे संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले, आणि कागदावरची मुदत तरीही उरली होती. वृत्तपत्राकडे कोणी १०१ वर्षे मागत नाही. सकाळी छापलेला आकडा दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांखाली जाईपर्यंत खरा राहावा, एवढेच मागणे आहे. आणि छपाईच्या शाईत शिशासारखी घातक द्रव्ये असल्याने खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात देऊ नयेत, असे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये बजावले असल्यामुळे, ती बातमीही शेव-जिरावणाच्या डागांआडून वाचता येईल अशा ठळक टायपात छापावी, ही पुरवणी विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा. मात्र कोणत्या दराने, हे कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक
कृष्णपुरा, इंदूर